चार सऱ्या

लोखंडाच्या नांगरानं जमिनीत विष कालवतं, असं आमचा आजा म्हणायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवले, तेव्हाही हीच समजूत आडवी आली. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पिशोरात आजा मात्र लाकडी नांगरच हाकत राहिला.

मी त्याला हसायचो. पण अद्रकीला ठिबक करायची वेळ आली, तेव्हा मीच अडलो. ‘थेंबानं कुठं तहान भागती का?’ पोरानं वाद घातला नाही. फक्त चार सऱ्या मागितल्या. पावसानं ओढ दिली, विहीर तळाला गेली. माझी पाटपाण्याची अद्रक पिवळी पडली, त्याच्या सऱ्या हिरव्या राहिल्या. दुसऱ्या साली नळ्या मीच अंथरल्या.

आज्याला कुणी आपल्याच वावरात नांगर चालवून दाखवला नव्हता. मला पोरानं दाखवलं, एवढाच फरक.