तंजावरचा बीरंगी मेडू

तंजावरास जाणारा मराठी प्रवासी प्रथम बृहदीश्वर मंदिर गाठतो. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये तेथील प्राकाराच्या भिंतीवर कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख पाहतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो आणि समाधानाने परततो. नगराच्या पूर्वेकडील मातीच्या उंचवट्याकडे मात्र तो सहसा फिरकत नाही.

त्या उंचवट्याचे नाव बीरंगी मेडू. मेडू म्हणजे टेकाड आणि बीरंगी म्हणजे तोफ. हा शब्द आपल्या ‘फिरंगी’चाच तमिळ अवतार होय. कावेरीच्या सपाट खोऱ्यात डोंगरी किल्ल्याची सोय नाही. सह्याद्रीत निसर्गाने दिलेली उंची येथे माती रचूनच मिळवावी लागे. किल्ल्याच्या पूर्व दरवाजाजवळच्या या टेकाडावर नायक राजवटीतील लोखंडी तोफ आजही आहे. तिची लांबी सुमारे 25 फूट, वजन सुमारे 22 टन. ती ओतीव नाही; लांब लोखंडी पट्ट्या नळीच्या आकारात जुळवून, त्यांवर कड्यांमागून कडी चढवून, तापवून-ठोकून घडविलेली आहे. लोहारकामाचा असा नमुना विरळाच.

पुढे हा किल्ला व्यंकोजीराजांकडे आला. 1758 मध्ये फ्रेंचांच्या वेढ्यात तो टिकला. 1773 मध्ये अर्काटच्या नवाबासाठी इंग्रजांनी तो घेतला आणि 1776 मध्ये तुळजाजीराजांना परत दिला. 1799 च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजीराजांच्या सत्तेत उरला तो किल्ला व त्याचा परिसर. म्हणजे वंशाचा इतिहास दगडावर कोरला जात होता, तेव्हा त्या वंशाचे राज्य या तटाखंदकांपुरतेच होते! 1855 मध्ये तेही खालसा झाले.

मंदिराला 1987 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई करणारा केंद्रीय कायदाही त्याच्या पाठीशी आहे. मातीच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. वेल्समध्ये नॉर्मन सरदारांनी रचलेली, वरचे लाकडी बुरूज केव्हाच नष्ट झालेली टेकाडेही कायद्याने संरक्षित आहेत. तेथे परवानगीवाचून कुदळ मारता येत नाही. तंजावरात मोठ्या किल्ल्याचा तट बराचसा नाहीसा झाला, खंदक जागोजागी बुजला. दगड निखळला तर डोळ्यांत भरतो. माती खचते, तिच्यावर घरे उभी राहतात आणि पुढल्या पिढीला ती केवळ चढाची गल्ली वाटते. तटाची आठवण आता रस्त्यांच्या नावांत अधिक आहे: कीळ अलंगम, वडक्कु अलंगम, म्हणजे पूर्व तट, उत्तर तट.


मंदिरातून बाहेर पडल्यावर कीळ अलंगमचा रस्ता विचारला, की बीरंगी मेडू सापडतो.