चाकाच्या पोटातला धातू

दोन लहान चाके, मध्ये उभे राहण्यापुरती फळी आणि हातात धरायला दांडा. इंजिन नाही, पायाने रेटा द्यायचा आणि पुढे जायचे. हे वाहन आता आपल्या शाळकरी मुलांच्या ओळखीचे झाले आहे. त्याचा दणकट प्रकार म्हणजे स्टंट स्कूटर. ती घेऊन मुले पायऱ्यांवरून, कठड्यांवरून उड्या मारतात. तिची चाके वेगळी विकत मिळतात. साध्या चाकाचा गाभा नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचा असतो, तर महाग चाकाचा गाभा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. मुले धातूच्या गाभ्याचा हट्ट धरतात आणि पालक शिक्षकांना विचारतात, "एवढे पैसे घालण्यात काही अर्थ आहे का?"

प्रश्न खेळण्याचा आहे. पण चुकले तर पैसा वाया जातो आणि कधी मुलाचे हाडही मोडते. चाकात धातू कोठे घालावा आणि कशासाठी, हा प्रश्न मात्र आजचा नाही. सुतार आणि लोहार यांनी तो फार पूर्वी सोडवला होता. त्यांचे उत्तर आधी पाहू.

रस्त्यावाचून चाक

महाराष्ट्रात चाक जुने आहे. दायमाबाद येथे (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) १९७४ मध्ये ब्राँझची चार शिल्पे सापडली. त्यांत दोन बैल जोडलेला एक रथ आहे. त्याच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद असले, तरी तो साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा असावा असे बहुतेक मानतात. त्याची चाके भरीव आहेत. त्यांना आरे नाहीत.

असे असूनही दक्षिण कोकणात शतकानुशतके मालाची वाहतूक मुख्यतः बैलांच्या पाठीवरून, माणसांच्या डोक्यावरून आणि होड्यांतून होत राहिली. घाट चढून जाणारे वंजाऱ्यांचे तांडे गोण्या लादलेल्या बैलांचे असत. येथल्या लोकांना चाक ठाऊक नव्हते काय? उत्तम ठाऊक होते. कुळागरांना पाणी देणारा रहाट हे चाकच. मालवणच्या होडीवर शीड चढवताना दोर ज्या कप्पीवरून फिरतो, तीही चाकच. ही दोन्ही चाके जागच्या जागी फिरतात, म्हणून त्यांना रस्ता लागत नाही. गाडीच्या चाकाला तो लागतो. एकोणिसाव्या शतकात घाटातून गाडीरस्ते झाले आणि बेळगावकडचा माल बैलगाड्यांनी वेंगुर्ले बंदरात उतरू लागला. चाकात नवे काही शोधले गेले नव्हते; बदलला तो रस्ता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

सुताराचे चाक, लोहाराची धाव

बैलगाडीचे लाकडी चाक म्हणजे अनेक तुकड्यांची जोडणी. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेर वक्र तुकड्यांचा घेर. या सगळ्या लाकडात लोखंड दोनच ठिकाणी असते: घेरावर चढवलेली धाव, आणि तुंब्याच्या भोकात, जेथे आस फिरतो तेथे बसवलेली लोखंडी नळी. दोन्ही जागा घर्षणाच्या आहेत. मधले आरे लाकडाचेच राहतात, कारण लाकूड हलके असते, थोडे लवते आणि गावात दुरुस्त होते.

धाव बसवण्याची रीत पदार्थविज्ञानाच्या तासाला सांगावी अशी आहे. चाकाचा व्यास १.२ मीटर धरला, तर परीघ सुमारे ३७७ सेंटिमीटर होतो. लोहार धाव त्याहून किंचित आखूड करतो आणि शेणीच्या आरात लाल होईपर्यंत तापवतो. लोखंडाचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सियसला सुमारे ०.००००१२ आहे. तापमान ५०० अंशांनी वाढले, तर धाव सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास लांब होते आणि चाकावर सहज चढते. मग तिच्यावर पाणी ओततात. धाव आकसते आणि घेर, आरे, तुंबा यांना एकत्र आवळून धरते. म्हणजे धावेचे काम केवळ झीज थोपवण्याचे नव्हे. चाकाचे सगळे सांधे तिच्या आवळण्यावर टिकतात.

उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की हीच धाव सैल होते. मग गाडीवान चाके ओढ्यात किंवा तळ्यात भिजत घालतो. लाकूड फुगते आणि पकड परत येते. चाकाचे दुखणे बहुधा जेथे दोन वेगळे पदार्थ भेटतात तेथे असते, हे त्या गाडीवानाला पुस्तकावाचून माहीत होते.

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. लहान मूल ज्याला धरून चालायला शिकते, तो पांगुळगाडा घ्या. त्याच्या लाकडी चाकाला ना धाव, ना तुंब्यात नळी. घरातल्या जमिनीवर वर्षभराचे मूल ज्या वेगाने चालते, त्याला लाकडावर फिरणारे लाकूड पुरते. भार कमी, वेग कमी, जमीन सपाट; तेथे धातू घातला तर खर्च वाढेल, उपयोग वाढणार नाही.

मऊ बाहेर, कठीण आत

लोखंडी धावेचा मोठा दोष म्हणजे ती जराही दबत नाही. खड्ड्याचा हिसका बैलाच्या मानेपर्यंत पोहोचतो आणि अरुंद धाव रस्ताही कापते. वाया गेलेली बेअरिंगे फळीला ठोकून गाडी करणाऱ्या मुलांनाही हा अनुभव येई. ती गाडी गुळगुळीत उतारावर सुसाट जाई आणि खडबडीत रस्त्यावर दात वाजवी.

१८८८ मध्ये जॉन डनलॉप यांनी हवा भरलेला रबरी टायर सायकलसाठी पुढे आणला. रॉबर्ट थॉमसन यांनी अशाच कल्पनेचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते, पण ते मागे पडले होते. रबरामुळे चाकाची रचना उलटी झाली. बाहेरचा भाग मऊ झाला आणि धातू आत गेला. भारतात रबरी टायरच्या बैलगाडीला पुढे 'डनलॉप गाडी' असेच नाव पडले. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७०-८० च्या दशकांत बैलगाडीच्या सुधारणेचा हिरिरीने पुरस्कार केला. तरीही लाकडी चाक पुष्कळ वर्षे टिकून राहिले. नवे चाक ओढायला हलके होते. पण ते महाग होते, पंक्चर होई आणि गावच्या सुताराला दुरुस्त करता येत नसे. चांगले चाक आणि परवडणारे चाक एकच असते असे नाही.

स्कूटरच्या चाकाकडे नेणारी पुढची पायरी रसायनशास्त्राची आहे. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन तयार केले. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी यांनी त्याची चाके स्केटबोर्डला लावली. त्याआधीची कडक चाके बारीक खड्यावरही अडत. पॉलियुरेथेन रबरासारखे दबते, झिजायला चिवट असते आणि त्यात हवा भरावी लागत नाही. आजच्या स्टंट स्कूटरचे चाक म्हणजे गाभ्याभोवती ओतलेले पॉलियुरेथेनचे कडे. व्यास सहसा १०० ते १२० मिलिमीटर. गाभ्यात दोन्ही बाजूंनी एकेक बेअरिंग दाबून बसवतात. ते बहुधा ६०८ क्रमांकाचे, ८ मिलिमीटर भोकाचे व २२ मिलिमीटर बाह्य व्यासाचे असते. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर गाभा हा तुंबा आणि बेअरिंग ही त्यातली नळी.

धातूचा गाभा काय देतो

४० किलोग्रॅमचे मूल अर्धा मीटर उंचीवरून खाली आले असे समजू. उतरताना त्याने गुडघे वाकवून २० सेंटिमीटर अंतरात स्वतःला थांबवले, तर सरासरी बल वजनाच्या साडेतीनपट पडते. पाय ताठ ठेवून ५ सेंटिमीटरांतच थांबले, तर तेच बल अकरापट होते. अनेकदा हा दणका एकट्या मागच्या चाकावर येतो. ॲल्युमिनियमचा ताठरपणा साध्या नायलॉनच्या सुमारे पंचवीस-तीसपट असतो. प्लॅस्टिकचा गाभा दर दणक्याला थोडा वाकतो, हळूहळू बेअरिंगचे घर लांबट होते आणि कधी गाभा तडकतो. धातूचा गाभा आकार राखतो.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. येथे लोहाराचेच गणित पुन्हा करावे. २२ मिलिमीटरचे घर ३० अंशांनी तापले, तर नायलॉनमध्ये ते सुमारे ०.०५ मिलिमीटर मोठे होते, ॲल्युमिनियममध्ये ०.०१५ आणि पोलादी बेअरिंग स्वतः ०.००८ वाढते. म्हणजे तापल्यावर बेअरिंगची पकड नायलॉनमध्ये अधिक सैल होते. मे महिन्यातल्या सिमेंटच्या अंगणात हा फरक नगण्य नाही.

धातूचा गाभा काय देत नाही

वेग फारसा देत नाही. चाक फिरताना ऊर्जा मुख्यतः दबणाऱ्या पॉलियुरेथेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये खर्च होते; गाभ्याचा त्यात वाटा थोडा.

खड्यावरून जाण्याची ताकदही देत नाही. चाकाची त्रिज्या क्ष आणि अडथळ्याची उंची ह असेल, तर चाकावरील भाराला ह(२क्ष − ह) च्या वर्गमुळाने गुणून (क्ष − ह) ने भागले की लागणारा आडवा रेटा मिळतो. चाक कडक आहे आणि अगदी सावकाश येते आहे असे येथे धरले आहे. १० मिलिमीटरचा जांभ्याचा खडा घ्या. ६०० मिलिमीटर त्रिज्येच्या गाडीच्या चाकाला भाराच्या सुमारे १८ टक्के, ३३० मिलिमीटरच्या सायकलच्या चाकाला २५ टक्के, तर ५५ मिलिमीटरच्या स्कूटरच्या चाकाला तब्बल ७० टक्के रेटा लागतो. या सूत्रात गाभ्याच्या धातूला जागाच नाही. चाक अडते आणि मूल पुढे जाते, म्हणजेच तोंडावर पडते. वंजाऱ्याच्या बैलांनी शिकवलेला धडा हाच. मालवणच्या वाडीतल्या खडीच्या पाणंदीवर महागडे चाक घेऊन काही साधत नाही.

खाऱ्या हवेपासूनही ते वाचवत नाही. किनाऱ्यावर सर्वांत आधी बिघडते ते पोलादी बेअरिंग, ते गंजते. शिवाय खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद चिकटून राहिले, तर विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते आणि बेअरिंग गाभ्यात अडकून बसू शकते. या एका बाबतीत प्लॅस्टिकचा गाभा सरस ठरतो.

आणि सांध्याची हमी केवळ धातू देत नाही. पॉलियुरेथेन गाभ्याला नीट चिकटलेले नसेल, तर ते धातूवरूनही सुटते. सैल धावेचेच हे नवे रूप.

मग घ्यावे की नाही?

मूल नुकतेच शिकत असेल किंवा अंगणात, दुकानापर्यंत फिरत असेल, तर घेऊ नये. त्याचा भार पांगुळगाड्याच्या जवळचा आहे. ते पैसे आधी शिरस्त्राणावर आणि चांगल्या बेअरिंगवर घालावेत. मूल सिमेंटच्या गुळगुळीत जागेवर रोज उड्या मारत असेल, साध्या चाकांची बेअरिंगे डगमगू लागली असतील, तर धातूचा गाभा जरूर घ्यावा. तेथे तो चैन नसून सुरक्षेचा भाग आहे. घेताना गाभा व पॉलियुरेथेन यांच्या सीमेवर भेग नाही ना ते नखाने पाहावे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात चाके कोरडी पुसून बेअरिंगला यंत्राच्या तेलाचा थेंब द्यावा आणि अधूनमधून ती काढून पुन्हा बसवावीत.

वर्गात हे सहज तपासता येईल. एका फळीवर १० मिलिमीटर जाडीची पट्टी ठोका. वेगवेगळ्या व्यासांची चाके समान वजन लादून स्प्रिंगच्या काट्याने पट्टीवरून सावकाश ओढा आणि येणारे आकडे वरील सूत्राशी ताडून पाहा. मग मुलांना गावातल्या एखाद्या जुन्या गाडीच्या चाकापाशी न्या आणि त्यात लोखंड नेमके कोठे आहे ते शोधायला सांगा. ज्या मुलाला ते तेथेच का आहे हे सांगता येईल, त्याला दुकानातले चाकही पारखता येईल.