उच्च-ऑक्टेन पेट्रोल

उच्च-ऑक्टेन पेट्रोल म्हणजे साध्या पेट्रोलपेक्षा अधिक ऑक्टेन क्रमांक असलेले पेट्रोल होय. ऑक्टेन क्रमांक हे इंधनाच्या नॉकिंग-रोधक क्षमतेचे माप आहे. ते इंधनातील ऊर्जेचे किंवा शुद्धतेचे माप नाही. उच्च संपीडन गुणोत्तर असलेल्या अथवा टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनांना असे पेट्रोल लागते. त्यामुळे उच्च कार्यक्षमतेच्या मोटारी व मोटारसायकलींसाठी त्याचा वापर होतो. मात्र ज्या इंजिनाची रचना कमी ऑक्टेनसाठी झाली आहे, त्यात अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने शक्तीत सहसा लक्षणीय वाढ होत नाही. भारतात हे पेट्रोल ९५, ९७, ९९ व १०० अशा क्रमांकांनी विकले गेले आहे.

नॉकिंग

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण पिस्टनने दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. ज्योत प्लगपासून सुरू होऊन सिलिंडरभर क्रमाने पसरते. ती पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाब व उष्णतेमुळे आपोआप पेटले, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या तीव्र लहरी निर्माण होतात व धातूवर ठोठावल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते सतत होत राहिल्यास पिस्टन, पिस्टन रिंगा व सिलिंडर हेडचे गॅस्केट यांना इजा होते. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने गाडी ओढणे, उन्हाळ्यातील तप्त हवा आणि सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन यांमुळे नॉकिंगची शक्यता वाढते.

संपीडन गुणोत्तर वाढवले की त्याच इंधनातून अधिक काम मिळते. परंतु मिश्रणाचे तापमान व दाबही वाढतो. टर्बोचार्जर अधिक हवा कोंबतो, तेव्हाही हेच घडते. म्हणून शक्तिशाली इंजिनाला नॉकिंग रोखणारे इंधन आवश्यक ठरते.

ऑक्टेन क्रमांकाचे मापन

या मापनश्रेणीत आयसोऑक्टेन या हायड्रोकार्बनला १०० व नॉर्मल हेप्टेनला ० हा क्रमांक दिला आहे. चाचणीतील पेट्रोल ९५ टक्के आयसोऑक्टेन व ५ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतके नॉकिंग-रोधक असेल, तर त्याचा ऑक्टेन क्रमांक ९५ होतो. पेट्रोलमध्ये प्रत्यक्ष तितके आयसोऑक्टेन असते असा याचा अर्थ नव्हे. इथेनॉलसारख्या काही इंधनांचा क्रमांक १०० पेक्षा अधिक असतो.

मापन बदलत्या संपीडन गुणोत्तराच्या प्रमाणित एक-सिलिंडर इंजिनावर केले जाते. त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. रिसर्च ऑक्टेन क्रमांक (आरओएन) मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, तुलनेने सौम्य परिस्थितीत मोजतात. मोटर ऑक्टेन क्रमांक (एमओएन) ९०० फेऱ्यांवर व तापवलेल्या मिश्रणावर मोजतात. तो सहसा आरओएनपेक्षा ८ ते १० ने कमी येतो.

भारत व युरोपातील पंपांवर आरओएन दर्शवला जातो. अमेरिकेत मात्र दोन्हींची सरासरी लिहिली जाते. त्यामुळे अमेरिकी पुस्तिकेतील ९१ हा आकडा भारतातील सुमारे ९५ आरओएनशी जुळतो. अमेरिकी पुस्तिकेत ९१ वाचून भारतात ९१ आरओएनचे पेट्रोल भरल्यास इंजिनाला आवश्यकतेपेक्षा कमी ऑक्टेन मिळते.

इतिहास

नॉकिंगचा पद्धतशीर अभ्यास पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. त्यात ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. १९२१ मध्ये जनरल मोटर्समधील संशोधक थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिसेयुक्त संयुगाचा नॉकिंग-रोधक गुणधर्म आढळला. पुढील अनेक दशके जगभर शिसेयुक्त पेट्रोल वापरले गेले. आयसोऑक्टेन व हेप्टेन यांवर आधारित श्रेणी १९२० च्या दशकातच ग्रॅहम एडगर यांनी सुचवली.

शिशाचा मानवी आरोग्यावर, विशेषतः बालकांच्या मेंदूवर, घातक परिणाम होतो. शिवाय ते उत्प्रेरक परिवर्तक निकामी करते. भारतात १९९५ पासून महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. त्यानंतर ऑक्टेन वाढवण्यासाठी शुद्धीकरण प्रकल्पांतील रिफॉर्मिंग, आयसोमरीकरण व अल्किलीकरण या प्रक्रियांवर आणि ऑक्सिजनयुक्त घटकांवर भर आला.

भारतातील मानके व विक्री

भारतीय मानक आयएस २७९६ नुसार साध्या पेट्रोलचा आरओएन किमान ९१ व प्रीमियम पेट्रोलचा किमान ९५ असावा लागतो. एमओएनची किमान मर्यादा अनुक्रमे ८१ व ८५ आहे. भारत स्टेज-२ काळात साध्या पेट्रोलचा किमान आरओएन ८८ होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकाने गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणले.

इंडियन ऑइलचे एक्सपी९५, भारत पेट्रोलियमचे स्पीड ९७ आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे पॉवर ९९ ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. १ डिसेंबर २०२० रोजी इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० बाजारात आणले. ते मथुरा शुद्धीकरण प्रकल्पात ऑक्टामॅक्स या स्वदेशी तंत्राने तयार केले जाते. पहिल्या टप्प्यातील दहा शहरांत मुंबई व पुणे यांचा समावेश होता. आरंभी दिल्लीत त्याची किंमत लिटरला १६० रुपये, म्हणजे तेव्हाच्या साध्या पेट्रोलच्या जवळपास दुप्पट होती.

'प्रीमियम' हे नाव नेहमीच अधिक ऑक्टेन दर्शवत नाही. काही पेट्रोलांत केवळ इंजेक्टर व झडपा स्वच्छ ठेवणारी मिश्रके घातलेली असतात.

महाळुंगे व चाकण औद्योगिक पट्टा

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील महाळुंगे हे चाकण–तळेगाव मार्गावरील गाव चाकण औद्योगिक पट्ट्याचा भाग आहे. या पट्ट्यात तयार होणाऱ्या वाहनांतून ऑक्टेनची गरज कशी बदलत गेली हे दिसते.

बजाज ऑटोचा येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. पल्सर मोटारसायकलींत २००३ पासून एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेले डीटीएस-आय तंत्र आले. २०१२ च्या पल्सर २०० एनएसमध्ये तीन प्लग होते. अनेक ठिकाणी ठिणगी पडल्याने मिश्रण लवकर जळते व उरलेल्या भागाला आपोआप पेटण्यास कमी अवधी मिळतो. म्हणजेच नॉकिंगवर इंधनाइतकाच इंजिनाच्या रचनेतूनही उपाय करता येतो. याच कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचे संपीडन गुणोत्तर १२ पेक्षा अधिक आहे.

फोक्सवागेनचा चाकण येथील कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला. तेथे टर्बोचार्जर व थेट इंधन अंतःक्षेपण असलेल्या टीएसआय इंजिनांच्या मोटारी तयार होतात. मर्सिडीज-बेंझ इंडियाचे उत्पादनही २००९ मध्ये पिंपरीहून चाकणला आले. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे जुळणी केलेली एएमजी जीएलसी ४३ कूपे ही भारतात तयार झालेली पहिली एएमजी मोटार ठरली. तिच्या तीन लिटर, दोन टर्बोचार्जरच्या व्ही-६ इंजिनाची शक्ती ३९० अश्वशक्ती आहे. युरोपात सुपर पेट्रोल ९५ व सुपर प्लस ९८ आरओएनचे असते आणि तेथील शक्तिशाली इंजिने त्यांनुसार जुळवलेली असतात. भारतातील साधे पेट्रोल दीर्घकाळ ९१ आरओएनचे असल्याने अशा मोटारींच्या मालकांना इंधन पाहून घ्यावे लागले.

इथेनॉल मिश्रण

इथेनॉलचा आरओएन सुमारे १०८ असून बाष्पीभवन होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच अधिक उष्णता शोषते. त्यामुळे मिश्रण थंड राहते व नॉकिंग कमी होते. मात्र एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते.

भारतातील ५ टक्के मिश्रणाच्या आरंभीच्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी दोन २००१ मध्ये महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे राबवले गेले. ५ जून २०२१ रोजी पुण्यात ई-१०० इंधनाच्या प्रायोगिक वितरणाचा आरंभ झाला. देशात सरासरी १० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०२२ मध्ये व २० टक्क्यांचे २०२५ मध्ये गाठले गेले. पेट्रोलियम मंत्रालयाच्या स्पष्टीकरणानुसार ई-२० पेट्रोलचा आरओएन ९५ आहे. त्यामुळे ९५ ऑक्टेनसाठी केवळ प्रीमियम पेट्रोलवर अवलंबून राहण्याची गरज घटली. परंतु जुन्या वाहनांच्या बाबतीत निराळा प्रश्न उभा राहिला.

ई-२० ला अनुरूप सुटे भाग असलेली वाहने एप्रिल २०२३ पासून व त्यासाठी इंजिन जुळवलेली वाहने एप्रिल २०२५ पासून आणण्याचे नियोजन नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात होते. त्याच आराखड्यानुसार शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी, तर ई-१० साठी रचलेल्या व ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींची १ ते २ टक्क्यांनी घटते. जुन्या वाहनांतील काही रबरी व प्लॅस्टिक भागांवर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो. म्हणून जुन्या उच्च-कार्यक्षमता मोटारीसाठी ऑक्टेन क्रमांक व इथेनॉलचे प्रमाण या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. प्रीमियम पेट्रोल इथेनॉलमुक्त असतेच असे नाही.

पेट्रोलची निवड

वाहनासाठी योग्य ऑक्टेन क्रमांक मालक-पुस्तिकेत व बहुधा इंधन टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस दिलेला असतो. त्यात दोन प्रकार आढळतात:

• किमान आवश्यक ऑक्टेन – यापेक्षा कमी क्रमांकाचे पेट्रोल वापरल्यास इंजिनाला इजा होण्याचा धोका असतो.
• शिफारस केलेले ऑक्टेन – यापेक्षा कमी, परंतु किमान मर्यादेवरील पेट्रोलवर इंजिन सुरक्षित चालते. मात्र घोषित शक्ती मिळत नाही.

आधुनिक इंजिनांत नॉक सेन्सर असतो. नॉकिंग जाणवताच नियंत्रक ठिणगीची वेळ मागे घेतो. त्यामुळे इंजिन वाचते, पण शक्ती व इंधन-कार्यक्षमता घटते. अशा इंजिनात शिफारशीइतके ऑक्टेन दिल्यावर हा तोटा भरून निघतो. शिफारशीपलीकडील ऑक्टेनचा उपयोग, नियंत्रकाला ठिणगीची वेळ आणखी पुढे नेता येत असेल तरच होतो. इंजिनाची जुळवणी बदलून टर्बोचार्जरचा दाब वाढवला असेल, तर पुस्तिकेतील क्रमांक पुरेसा राहत नाही. टर्बोचार्जर व थेट अंतःक्षेपण असलेल्या इंजिनांत कमी वेगावर होणारे अकाली प्रज्वलन केवळ अधिक ऑक्टेनने टळत नाही. त्यात इंजिन ऑइलची निवडही महत्त्वाची असते.

भेसळ

केरोसिनची भेसळ पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक घटवते व घनता वाढवते. भारत स्टेज-६ पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोग्रॅम असावी लागते. ग्राहकाने मागणी केल्यास पंपावर घनता तपासून देणे व फिल्टर पेपर चाचणीसाठी कागद देणे अपेक्षित असते. पेट्रोलचा थेंब कागदावरून डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. या चाचण्यांनी काही प्रकारची भेसळ लक्षात येते. ऑक्टेन क्रमांक मात्र प्रयोगशाळेतच निश्चित होतो.

हेही पहा

• पेट्रोल
• अंतर्ज्वलन इंजिन
• टर्बोचार्जर
• इथेनॉल
• भारत स्टेज उत्सर्जन मानके
• चाकण