मनोविकृती, कायदा आणि औषध : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पुराव्यानेही न हटणारा ग्रह होणे, विचारांची संगती सुटणे ही मनोविकृतीची प्रमुख लक्षणे होत. यांतील एका गंभीर आजारासाठी ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा योजिली. नांदेड-लातूरच्या खेड्यांत मात्र हीच लक्षणे ‘बाहेरची बाधा’ किंवा ‘करणी’ म्हणून ओळखली जात आणि उपचाराची पहिली पायरी बहुधा देवऋषी हीच असे.

याचे कारण केवळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे ठरेल. ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथील चारही शासकीय मनोरुग्णालयांचे मूळ ब्रिटिश अमदानीतले. १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदाही मुळात ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने १९६० च्या राज्यस्थापनेवेळी या विभागाच्या वाट्याला त्यांपैकी एकही रुग्णालय आले नाही. देवऋषी गावातच होता. येरवडा शेकडो किलोमीटर दूर.

अर्थात त्या काळच्या मनोरुग्णालयांचा अतिरिक्त गौरव करण्याचेही कारण नाही. १९१२ च्या कायद्याचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. खरा बदल औषधाने घडविला. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग नोंदविला होता; पुढे १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण सिद्ध झाला. आजार निर्मूळ होत नसला, तरी भास व भ्रम ओसरू लागले. हातापायांचा कंप, ताठरपणा, सुस्ती हे दुष्परिणामही आले, आणि बरे वाटताच गोळी बंद करण्याची प्रवृत्तीही. आजार उलटण्याचे ते एक मोठे कारण होय. तथापि गोळीमुळे रुग्णास घरी ठेवून उपचार करणे शक्य झाले. अंबाजोगाई (१९७४), नांदेड (१९८८) व लातूर (२००२) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे हा गुन्हा ठरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने जखडण्यास मनाई केली. साखळी काढल्यानंतर त्या घराने रात्र कशी काढावी, हे मात्र तालुक्याच्या रुग्णालयात गोळी दरमहा मिळते की नाही, यावर अवलंबून राहते.