सिंहस्थ : एक गोदावरी, दोन तीर्थे
गुरू ग्रह सिंह राशीत प्रवेश करतो, तेव्हा सुमारे १२ वर्षांनी नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. प्रयाग, हरिद्वार आणि उज्जैन ही कुंभाची अन्य तीन स्थाने. येथील वेगळेपण म्हणजे साधूंचे स्नान दोन ठिकाणी होते. निर्वाणी, दिगंबर व निर्मोही हे वैष्णवांचे ३ अनी आखाडे नाशिकच्या रामकुंडात, तर शैव, उदासीन व निर्मल परंपरांचे १० आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तात स्नान करतात. प्रथम स्नानाच्या मानावरून शैव-वैष्णवांत रक्तरंजित संघर्ष झाल्यानंतर पेशवेकाळात ही विभागणी झाली.

मानाचा प्रश्न सुटला. जागेचा मात्र सुटला नाही. कुशावर्त हे दगडी बांधणीचे लहान कुंड, तर रामकुंडाभोवती जुन्या पंचवटीच्या अरुंद गल्ल्या. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाहीस्नानाच्या दिवशी याच परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. त्या अनुभवातून २०१५च्या मेळ्यात नवे घाट बांधून गर्दी विभागण्यात आली. लक्षावधी भाविकांना सुखरूप परत पाठविणे, हीच २०२६-२७च्या सिंहस्थाचीही खरी कसोटी होय.