स्थूलता : जठराग्नि आणि मन

श्रोतेहो, मालवणच्या किनाऱ्यावर ज्यानें रांपण ओढतांना पाहिली आहे, त्याला अन्न आणि श्रम यांचें नातें निराळें सांगावें लागत नाहीं. सकाळीं उकड्या तांदळाची पेज खावी आणि ती दोरखंडाबरोबर ओढून जिरवावी, अशी ती राहणी. त्यामुळें स्थूल मनुष्य दिसला कीं, तो आळशी आणि खादाड, असा निष्कर्ष आम्ही चटकन काढीत असूं. माझ्या वर्गांतील एका जाड मुलाला मी सर्वांसमक्ष तसें म्हणत असें. मुलें हसत, तोही हसे. पुढें तो आपला डबा एका कोपऱ्यांत एकटाच खाऊं लागला. मला त्याचा अर्थ तेव्हां कळला नाहीं.

हा प्रश्न आजचा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, एकविसाव्या अध्यायांत, आठ निंदित शरीरें सांगितलीं आहेत. त्यांत अतिस्थूल हें एक. कारणें सांगतांना जड व गोड अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप यांच्या जोडीस मनाची निश्चिंतता आणि बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वांटा, हींही दिलीं आहेत. मेदानें मार्ग अडले म्हणजे वायु कोठ्यांत फिरून अग्नि चेतवितो. अन्न लवकर जिरतें आणि पुन्हां भूक लागते. म्हणजे स्थूलाची भूक हा व्याधीचाच भाग मानला आहे. उपचार म्हणून पचण्यास जड पण पोषणास हलकें अन्न, जव, मध, त्रिफळा. आणि व्यायाम, जागरण व चिंतन क्रमाक्रमानें वाढवावें, असें म्हटलें आहे. यांपैकीं जागरणाचा सल्ला आज कोणी देणार नाहीं. कारण अपुऱ्या झोपेनें भूक वाढते, असें आतां दिसून आलें आहे. चिंतेनें कोणी अन्न टाकतो, तर कोणी अधिक खातो.

मनाची दुसरी बाजू अमेरिकेंत दिसली. १९४४-४५ सालीं मिनेसोटा येथें अँसेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवलें. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांश घटलें; आणि जे पूर्वीं स्वयंपाकाकडे ढुंकूनही पाहत नसत, ते पाककृति जमवूं लागले व अन्नाचींच स्वप्नें पाहूं लागले. पुढें १९९४ सालीं जेफ्री फ्रीडमन यांनीं लेप्टिनचा शोध लावला. चरबीच मेंदूला आपल्या सांठ्याची वार्ता कळविते. सांठा घटला कीं मेंदू भूक वाढवितो. उतरलेलें वजन पुन्हां कां चढतें, याचें एक मोठें कारण हेंच.

आपल्या पुण्यांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं याहून नवल दाखविलें. त्यांचा आणि इंग्रज संशोधक जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानानें वजनाचा अंक एकच, २२.३; परंतु चरबी एकाची २१.२ टक्के, तर दुसऱ्याची ९.१! तेव्हां नुसत्या डोळ्यांनीं कोणाला जाड वा सडपातळ ठरविणें किती फसवें!

आतां किनाऱ्यावर यंत्रनौका आल्या, श्रम घटले. ताटांतील भात मात्र तितकाच राहिला. आहार आवरावा, चालावें, वैद्याचा सल्ला घ्यावा, हें सारें खरें. परंतु चरकानेंही उपाय क्रमाक्रमानेंच करावयास सांगितले आहेत. आणि त्याच्या औषधांच्या यादींत उपहासाला जागा नाहीं. मी मात्र माझ्या विद्यार्थ्याला तेंच एक औषध वर्षभर दिलें. श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलाला तें देऊं नका.