तेलविहिरीतील ‘चिखला’चे शास्त्र आणि प्रशिक्षण

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा परिसरात भर उन्हाळ्यात काळ्या जमिनीला रुंद भेगा पडतात. पहिल्या दमदार पावसानंतर हीच जमीन फुगते, भेगा बुजतात आणि पायाला चिखलाचे गोळे चिकटू लागतात. कपाशी पिकविणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला हा गुणधर्म मातीतील स्मेक्टाइट गटाच्या चिकणखनिजांमुळे येतो. याच कुळातील माँटमोरिलोनाइट हे खनिज ज्यात मुख्यत्वे असते, ती बेंटोनाइट माती जगभर तेल व वायूच्या विहिरी खोदताना वापरली जाते. शेतातील चिखलाशी असे नाते सांगणाऱ्या ड्रिलिंग फ्लुइडचे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. ते आत्मसात केलेल्या तंत्रज्ञास तेल उद्योगात ‘मड इंजिनिअर’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या पदवीधरांना अध्यापन, औषधनिर्मिती आणि स्पर्धा परीक्षा या वाटा ठाऊक असतात. ही वाट मात्र फारशा कुणाला ठाऊक नसते.

बोअरवेल आणि तेलविहीर

बुलडाणा जिल्ह्याचा मोठा भाग बसाल्ट खडकाचा आहे. तेथे बोअर मारताना दाबाखालील हवेवर चालणारा हातोडा खडक फोडतो आणि त्याच हवेच्या झोताने दगडाची भुकटी वर फेकली जाते. खडक टणक असल्याने भोक ढासळत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील गाळाच्या थरांत मात्र हे तंत्र अपुरे पडते. भोकाच्या भिंती सावरून धरण्यासाठी तेथे चिकणमाती कालवलेले पाणी फिरवावे लागते. तेलविहिरीतील तत्त्व हेच असते. मात्र तिची खोली काही हजार मीटर असते, तळाशी तापमान व दाब प्रचंड असतो आणि खडकाच्या छिद्रांत ज्वलनशील वायू दडलेला असतो.

हा द्रव पंपाद्वारे पोकळ नळ्यांतून खाली सोडला जातो. ड्रिल बिटच्या छिद्रांतून तो वेगाने बाहेर पडतो आणि नळी व विहिरीची भिंत यांमधील पोकळीतून, खडकाचा चुरा घेऊन, वर येतो. थरथरणाऱ्या चाळण्यांवर चुरा वेगळा होतो, द्रव टाक्यांत जातो आणि पुन्हा खाली पाठविला जातो. या फेऱ्यांत तो बिट थंड ठेवतो, घर्षण कमी करतो आणि भिंतीवर पातळ, चिवट लेप धरतो. पंप थांबला तरी चुरा तळाशी बसू नये म्हणून स्थिर होताच तो जेलीसारखा घट्ट होतो आणि ढवळताच पुन्हा प्रवाही होतो.

वजनाचा प्रश्न

या सर्वांहून महत्त्वाचे कार्य म्हणजे भूगर्भातील दाब रोखून धरणे. हिशेब सोपा आहे. ३,००० मीटर खोल विहिरीत १.२ विशिष्ट गुरुत्वाचा द्रव असेल, तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६० किलोग्रॅम दाब पडतो. खडकातील वायूचा दाब ३७५ असेल, तर हा द्रव हलका ठरतो आणि वायू विहिरीत शिरू लागतो. अशा वेळी विशिष्ट गुरुत्व १.२५ च्या थोडे वर न्यावे लागते. त्यासाठी ४.२ विशिष्ट गुरुत्वाच्या बराइट या जड खनिजाची पूड मिसळतात. भारतात बराइटचा मोठा साठा आंध्र प्रदेशातील मंगमपेटा येथे आहे, तर बेंटोनाइट प्रामुख्याने गुजरात व राजस्थानातून येते.

मात्र वजन अवास्तव वाढविल्यास खडक फुटतो व द्रव भेगांत निघून जातो. विहिरीतील पातळी घसरली, की दाब कमी होऊन पुन्हा वायू आत येण्याचा धोका उद्‌भवतो. या दोन मर्यादांच्या मध्ये द्रव राखणे, हीच मड इंजिनिअरच्या कौशल्याची खरी कसोटी होय.

ही कसोटी हुकली तर काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. आंध्र प्रदेशातील पासरलापुडी येथे जानेवारी १९९५ मध्ये विहिरीचा स्फोट झाला आणि आग दोन महिन्यांहून अधिक काळ धुमसत राहिली. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर ११ कामगार मृत्युमुखी पडले. तेथे विहिरीतील जड द्रव काढून त्याजागी हलके समुद्रजल भरले जात होते आणि तळाच्या सिमेंटवर ठेवलेला विश्वास फोल ठरला. आसाममधील बागजान येथे मे २०२० मध्ये अनियंत्रित झालेली विहीर नोव्हेंबरमध्ये शांत करता आली. अशा दुर्घटनांमागे एकच कारण क्वचितच असते. पण द्रवाचे वजन हे विहिरीचे पहिले संरक्षण असते, हे प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या मनावर बिंबविले जाते.

प्रशिक्षणात काय शिकवितात?

बहुराष्ट्रीय सेवा कंपन्यांच्या ‘मड स्कूल’ची परंपरा जुनी आहे. काही आठवड्यांचा वर्ग व प्रयोगशाळा आणि त्यानंतर अनुभवी इंजिनिअरच्या हाताखाली रिगवरील उमेदवारी, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. चाचण्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या म्हणजे एपीआयच्या मानकांनुसार केल्या जातात.

प्रारंभ मड बॅलन्स या तराजूने व मार्श फनेल या नरसाळ्याने होतो. नरसाळ्यातून ९४६ मिलिलिटर साधे पाणी २६ सेकंदांत गळते. मडला किती वेळ लागतो, यावरून त्याच्या दाटपणाचा झटपट अंदाज येतो. त्यानंतर फिरत्या व्हिस्कोमीटरची पाळी येते. मिनिटाला ६०० फेऱ्यांना वाचन ५० आणि ३०० फेऱ्यांना ३२ आले, तर वजाबाकीने प्लास्टिक व्हिस्कॉसिटी १८ येते आणि ३२ मधून १८ वजा जाता यील्ड पॉइंट १४ मिळतो. पहिला आकडा द्रवातील घन कणांविषयी, तर दुसरा चुरा वर वाहून नेण्याच्या क्षमतेविषयी बरेच काही सांगून जातो. शिवाय गाळणदाबाखाली ३० मिनिटांत किती पाणी निसटते, क्षारता किती, क्लोराइड किती, तेल-पाणी-घनांचे प्रमाण किती, हेही मोजावे लागते.

खारपाणपट्ट्यातील विद्यार्थ्याला यातील एक धडा लवकर उमगावा. खाऱ्या पाण्यात बेंटोनाइट नीट फुगत नाही. म्हणून ते आधी गोड्या पाण्यात भिजवून घ्यावे लागते किंवा पॉलिमरचा आधार घ्यावा लागतो. उलट, वाटेत फुगणारा शेल खडक लागला, तर पोटॅशियम क्लोराइड मुद्दाम मिसळून त्याचे फुगणे रोखले जाते. एकच क्षार एके ठिकाणी अडचण, तर दुसरीकडे उपाय ठरतो.

पाण्यावर, तेलावर व कृत्रिम द्रवांवर आधारित मड, त्यांची किंमत आणि चुऱ्याची विल्हेवाट हेही अभ्यासाचे विषय आहेत. केंद्र सरकारच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी डिझेलवर आधारित मडला मज्जाव केला आहे. त्यामुळे पर्यावरण नियमांचे ज्ञान अपरिहार्य ठरले आहे.

पात्रता आणि संस्था

रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किंवा पेट्रोलियम अथवा केमिकल इंजिनिअरिंगची पदवी हा या क्षेत्राचा प्रचलित पाया होय. ओएनजीसीमध्ये एम.एस्सी. रसायनशास्त्र झालेल्यांसाठी केमिस्ट हे पद असते. भरतीची पद्धत बदलत असल्याने त्या वर्षीची अधिकृत जाहिरातच पाहावी. पेट्रोलियम इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्यातील एमआयटी, धनबादची आयआयटी (आयएसएम), रायबरेली परिसरातील राजीव गांधी पेट्रोलियम तंत्रज्ञान संस्था, डेहराडूनचे यूपीईएस आणि गांधीनगरचे पंडित दीनदयाळ ऊर्जा विद्यापीठ येथे मिळते. विदर्भातील विद्यार्थ्याने प्रथम आपल्या विभागातील महाविद्यालयातून रसायनशास्त्राचा पाया पक्का करावा. अल्पमुदतीचा अभ्यासक्रम त्याची जागा घेऊ शकत नाही.

सेवेतील प्रशिक्षणासाठी डेहराडून येथील ओएनजीसीची इन्स्टिट्यूट ऑफ ड्रिलिंग टेक्नॉलॉजी ही देशातील प्रमुख संस्था आहे. विहीर नियंत्रणाच्या आयडब्ल्यूसीएफ प्रमाणपत्राला आंतरराष्ट्रीय मान्यता असून ते ठरावीक मुदतीनंतर नव्याने मिळवावे लागते. समुद्रातील कामासाठी जीवरक्षणाचे प्रशिक्षणही आवश्यक असते. गोव्यातील बेतुल येथील ओएनजीसीच्या संस्थेत अशा प्रशिक्षणाची सोय आहे.

महाराष्ट्राचा या उद्योगाशी संबंध जुना आहे. ‘सागर सम्राट’ या रिगने १९७४ मध्ये मुंबई हाय क्षेत्रात तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील त्या क्षेत्रात आजही विहिरी खोदल्या जातात.

निर्णय घेण्यापूर्वी

समुद्रातील रिगवर साधारणतः १२ तासांची पाळी असते आणि सलग दोन ते चार आठवडे काम केल्यावर सुटी मिळते. सणवार, घरातील आजारपण, मुलांची शाळा यांपासून दूर राहावे लागते. वेतन आकर्षक असले, तरी ते तेलाच्या भावाशी बांधलेले असते. २०१४ नंतरच्या मंदीत आणि पुन्हा २०२० मध्ये जगभर रिग बंद पडल्या व अनुभवी लोकांनाही घरी बसावे लागले.

‘खात्रीची ऑफशोअर नोकरी’ असे आश्वासन देऊन लाखो रुपये मागणाऱ्यांपासून विशेष सावध राहावे. शेती गहाण ठेवून असे शुल्क भरण्यापूर्वी प्रमाणपत्र नेमके कोणी दिले आहे, ते ती संस्था स्वतः मान्य करते काय, याची लेखी खातरजमा करावी. परदेशातील नोकरीसाठी दलालाची परराष्ट्र मंत्रालयाकडील नोंदणी तपासावी. नामांकित कंपन्या निवडलेल्या उमेदवारास सामान्यतः स्वतःच्या खर्चाने प्रशिक्षण देतात.

तेलाचे युग किती काळ चालेल, याविषयी मतभेद आहेत. परंतु भूऔष्णिक ऊर्जेच्या खोल विहिरींनाही असाच द्रव आणि त्याची जाण असलेला माणूस लागतो. मातीचे फुगणे, पाण्याचा खारेपणा आणि द्रवाचे वजन यांचा हिशेब ज्याला बिनचूक जमतो, त्याचे कौशल्य एका इंधनापुरते मर्यादित राहत नाही.